कागद किंवा दोर

पेव हा शब्द आज आपल्या तोंडी उरला आहे तो वाक्प्रचारापुरता. निवडणूक आली की आश्वासनांचे पेव फुटते, असे आपण सहज बोलून जातो. परंतु पेव म्हणजे जमिनीत खणलेले धान्याचे कोठार. त्याचे तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे आणि पोट मात्र चांगले ऐसपैस. दाणा त्यात महिनोन्‌महिने टिके, कारण तोंड बंद केले की आतली चांगली हवा संपे, आणि ती संपली की किडाही जगत नसे. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तर अगदी आपल्या काळापर्यंत नावाजलेली होती. २००५ च्या महापुरात त्यांची मोठी हानी झाली. जी हवा किड्याला पुरत नाही ती माणसालाही पुरत नाही, हे पेव काढणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून पेवाचे तोंड उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे. तोंड काही तास उघडे ठेवावयाचे, मग पेटता कंदील दोराने खाली सोडावयाचा. कंदील विझला तर थांबावयाचे; जळत राहिला तरच माणूस उतरावयाचा. आणि पाट्या वर ओढण्यासाठी तोंडाशी दुसरा माणूस असावयाचाच.

ह्या साध्या रिवाजात तीन नियम आहेत. हवा खेळती करा, हवा तपासा, आणि वर माणूस ठेवा. टाकी, बॉयलर, मोठा नळ, गटार, विहीर, संडासाची टाकी, अशा सर्व बंदिस्त जागांना हे तीन नियम लागू पडतात. जगातल्या कायद्यांनी पुढे जे लिहिले, ते बव्हंशी ह्याच तिहींचा विस्तार आहे. आज आपल्यापुढे मला सांगावयाचा आहे तो ह्या नियमांचा इतिहास, आणि त्यातही तिसऱ्याचा. कारण माझ्या पस्तीस वर्षांच्या संघटनेच्या कामात प्रत्येक वेळी सर्वांत आधी काटला गेला तो हा वरचा माणूस.

प्रथम हवेविषयी दोन शब्द सांगणे जरूर आहे. आपण येथे गोदाकाठी बसून जी हवा घेतो, तीत शेकडा २०.९ भाग प्राणवायू असतो. तो १९.५ च्या खाली गेला की ती जागा कामास योग्य नाही, असे आजचे शास्त्र मानते. सतरा-सोळाच्या आसपास दिवा विझतो. दहाच्या खाली माणूस बेशुद्ध पडू लागतो, आणि सहाच्या खाली चार-दोन श्वासांतच कोसळतो. म्हणजे दिवा माणसाच्या आधी विझतो. आपल्या पूर्वजांचा कंदील उगाच नव्हता. परंतु त्या कंदिलाला दोन गोष्टी कळत नाहीत. गटारात व मळीच्या खड्ड्यात हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू साठतो. त्याचे थोडे प्रमाणही माणसाला मारते, आणि तेवढ्याने दिवा मात्र विझत नाही. आरंभी त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो; पण दहा लाखांत शंभर भाग इतके प्रमाण झाले की नाकच बधिर होते आणि वास गेला असे वाटते. माणूस म्हणतो, "आता बरे आहे," आणि उतरतो. दुसरी गोष्ट अशी की जेथे पेट घेणारी वाफ साचलेली असते तेथे उघडा दिवा सोडणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण देणे होय. म्हणून आज कंदिलाच्या जागी वायुमापक यंत्र आले आहे. ते वर, मध्ये आणि तळाशी, असे तीन ठिकाणी लावावे लागते, आणि काम चालू असतानाही लावून ठेवावे लागते. कारण गाळ ढवळला की त्यात दबलेला वायू सुटतो. सकाळी शुद्ध असलेली टाकी दुपारी मारू शकते.

ह्याहूनही फसवे प्रकार आहेत. कित्येक महिने बंद असलेल्या रिकाम्या लोखंडी टाकीत विष काहीच नसते. केवळ गंज चढताना प्राणवायू खर्च होऊन जातो. आपल्या दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या वाइनरी उभ्या राहिल्या आहेत. द्राक्षरस आंबताना जो कार्बन डायऑक्साइड निघतो तो हवेच्या दीडपट जड असतो. तो टाकीच्या तळाशी पाण्यासारखा साचून राहतो, आणि डोळ्याला काहीच दिसत नाही.

आता इतिहासाकडे वळू. लंडन शहरात पोस्टमन्स पार्क नावाची एक छोटी बाग आहे. जी. एफ. वॉट्स नावाच्या चित्रकाराच्या कल्पनेतून १९०० साली तेथे एक भिंत उभी राहिली. दुसऱ्याचा जीव वाचवताना जे सामान्य लोक मेले, त्यांची नावे फरशांवर लिहून त्या भिंतीत बसविली आहेत. तीत एक फरशी आहे ईस्ट हॅम येथील मैलापाण्याच्या पंपघराची, तारीख १ जुलै १८९५. तीवर चार नावे आहेत. एक सोबती खाली पडला, त्याला काढण्यासाठी हे चौघे गेले आणि चौघेही गेले. विहिरीतून आत गेलेला एक, आणि त्याच्यामागून चार!

श्रोतेहो, ह्या चौघांच्या शौर्यापुढे आपण मान लववू. परंतु संघटनेच्या माणसाने त्या फरशीपुढे उभे राहून एक प्रश्नही विचारला पाहिजे. पहिल्या माणसाच्या कमरेला पट्टा आणि पट्ट्याला दोर असता, तर बाकीच्या चौघांना आत उतरण्याची गरज काय होती? त्यांनी वरूनच ओढला असता. हीच कथा पुढे देशोदेशी घडत राहिली. अमेरिकेतील कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेने १९८६ साली इशारा दिला की बंदिस्त जागांत मरणाऱ्यांत शेकडा साठांहून अधिक माणसे वाचवायला गेलेली असतात. पुढे त्याच संस्थेने स्वतः तपासलेल्या अपघातांत हे प्रमाण शेकडा छत्तीस निघाले. आकडा कोणताही घ्या. दर तीन मृतांत निदान एक तरी केवळ माणुसकीमुळे मेला, असा त्याचा अर्थ आहे. पहिला माणूस खाली कोसळतो तेव्हा वरच्याला वाटते पाय घसरला, घेरी आली. वायू दिसत नाही. भाऊ असतो, मुलगा असतो, एकाच खोलीत राहणारा सोबती असतो. तो थांबणार कसा? त्याला थांबविण्याची ताकद उपदेशात नाही. ती दोरात आहे.

आपल्या देशातील कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ चा. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांपुरता तो होता. मुलांचे वय, त्यांचे तास आणि धोक्याच्या यंत्रांभोवतीचे कुंपण, एवढ्याच गोष्टी त्यात होत्या. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, आणि १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. १८९१ मध्ये कायद्याची मर्यादा शंभरावरून पन्नासांवर आली, १९२२ मध्ये वीसांवर. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. मेलेल्या माणसाच्या घरी काही रक्कम जाऊ लागली. मग स्वातंत्र्यानंतर १९४८ चा फॅक्टरी ॲक्ट आला, आणि १ एप्रिल १९४९ पासून तो अमलात आला. विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा माणसे असली तरी तो लागू झाला. शंभर, पन्नास, वीस, दहा. सदुसष्ट वर्षे कायद्याचे छत्र रुंदावत होते. हे आपोआप झाले नाही. संपांनी, सभांनी आणि उपाशी दिवसांनी झाले.

१९४८ च्या ह्या कायद्यातील कलम ३६ हे आपल्या विषयाचे कलम. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कायद्याचे पुस्तक मी शब्दकोश जवळ ठेवून वाचले, आणि त्यात पहिल्यांदा मी जे कलम पाठ केले ते हे. इंग्लंडच्या १९३७ च्या कायद्यातही अशी तरतूद होती, तिच्या वळणावर ते गेले आहे. कलम थोडक्यात असे सांगे : ज्या टाकीत, खड्ड्यात वा नळात घातक वाफ असण्याचा संभव आहे तिला पुरेसे मोठे मॅनहोल किंवा बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग हवा. आतील वाफ काढण्याचे आणि नवी येऊ न देण्याचे सर्व शक्य उपाय आधी करावेत. त्यानंतरही माणसाला आत सोडावयाचे ते दोहोंपैकी एका अटीवर. एक, जाणकार माणसाने स्वतः तपासून जागा निर्धोक असल्याचा लेखी दाखला द्यावा. किंवा दोन, आत जाणाऱ्याने श्वसनयंत्र घालावे, पट्टा बांधावा, पट्ट्याला दोर असावा, आणि दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती असावे. श्वसनयंत्रे, पट्टे व दोर कारखान्यात तयार ठेवावेत, त्यांची वेळोवेळी तपासणी व्हावी, आणि ते वापरण्यात पुरेशी माणसे तरबेज असावीत, असेही त्यात होते. भोपाळच्या १९८४ च्या हत्याकांडानंतर १९८७ साली हे कलम नव्याने लिहिले गेले. वाफेच्या जोडीला वायू व धूळही त्यात आली. २४ व्होल्टपेक्षा अधिक दाबाचा हातदिवा आत नेण्यावरील बंधनाला स्वतंत्र कलम मिळाले.

कलम चांगले होते, यात वाद नाही. परंतु त्याच्या पोटात एक छोटा शब्द होता, आणि तो शब्द म्हणजे 'किंवा'. कागद किंवा दोर. लेखी दाखला असेल तर बाहेरचा माणूस कायद्याने सक्तीचा नव्हता. आता दाखल्याला लागते एक सही. दोराला लागतो एक माणूस, त्याचा पूर्ण दिवस आणि त्याची मजुरी. धंद्याचा हिशेब ज्याला ठाऊक आहे त्याला ह्या दोहोंत कशाची निवड होईल हे सांगावयास नको. आणि दाखला सकाळच्या हवेविषयी बोलतो. दुपारी गाळ ढवळल्यावर काय होईल, हे त्या कागदाला कसे कळावे?

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. सातपूर वसले, मग अंबड, पुढे सिन्नर. शेतमळ्यांच्या जागी शेड उभ्या राहिल्या आणि खानदेश-मराठवाड्यातून, पुढे उत्तर हिंदुस्थानातून माणसे आली. माझ्यासारख्यांना त्या वसाहतींनीच कामगार केले आणि त्यांनीच शिकविले. १९९० नंतरच्या दशकात आमच्या भागातील एका कारखान्यात करारावर बोलणी चालली होती. धुलाईच्या रसायनाच्या टाक्या वर्षातून दोनदा आत उतरून साफ होत. आमची मागणी होती की दाखला असो वा नसो, प्रत्येक टाकीच्या तोंडाशी एक माणूस दोर धरून उभा राहावा, आणि आतला बाहेर येईपर्यंत त्याला दुसरे कोणतेही काम सांगू नये. समोरच्या अधिकाऱ्यांनी विचारले, "हा माणूस दिवसभर नुसता उभा राहण्याचा पगार घेणार का?" आमच्यातले एक वयस्क फिटर शांतपणे म्हणाले, "साहेब, फाटकावरचा वॉचमनही नुसताच उभा असतो. चोरी झाली नाही म्हणून त्याचा पगार कापता का?" खोलीत हशा पिकला. त्या हशातून करारात एक ओळ आली. पण ती ओळ कायम कामगारांपुरती होती. पुढे काही वर्षांनी टाक्यांचे काम ठेकेदाराकडे गेले, आणि ठेकेदाराच्या माणसांना तो करार लागू नव्हता. दोर गोदामात शिल्लक राहिला.

ठेकेदारीचा हा घाट मी केवळ गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही. इतिहासाचा तो एक टप्पा आहे. टाकी साफ करणे हे रोजचे काम नसल्यामुळे ते बाहेरच्याला देणे सोपे जाते. बाहेरचा माणूस ती टाकी पहिल्यांदाच पाहतो. तीत काल काय होते, कोणता नळ तिला मिळतो, कोणती झडप बंद करावी लागते, हे त्याला ठाऊक नसते. ज्याला माहिती सर्वांत कमी, त्यालाच आपण सर्वांत खोल उतरवितो.

आता कारखान्याच्या भिंतीबाहेर या. कलम ३६ कारखान्यासाठी होते. रस्त्याखालचे गटार हे काही कारखाना नव्हे, सोसायटीची संडासाची टाकीही नव्हे. तेथे उतरणारा माणूस कोणत्या समाजातून येतो, हे ह्या नगराला वेगळे सांगण्याची गरज नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रेरणेने २ मार्च १९३० रोजी ह्याच नाशकात काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला. ज्यांच्यासाठी मंदिराचे दार बंद होते, त्यांच्यासाठी गटाराचे तोंड मात्र समाजाने सदैव उघडे ठेवले होते. त्या तोंडाशी कंदीलही नव्हता आणि दोरही नव्हता.

हाताने मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा. तो मुख्यतः कोरड्या संडासांविषयी होता. २०१३ च्या दुसऱ्या कायद्याने गटारे व संडासाच्या टाक्या यांच्या धोकादायक सफाईला बंदी घातली. ६ डिसेंबर २०१३ पासून तो अमलात आला. परंतु 'धोकादायक' म्हणजे काय? मालकाने संरक्षक साधने न देता व सुरक्षिततेची काळजी न घेता करविलेली सफाई. म्हणजे येथेही पळवाट राहिलीच. साधने दिल्याचे कागदावर दाखविले, हातमोजे व टोपी दिली, की उतरविणे चालू. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निकालात १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असे सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम तीस लाख केली आणि ही प्रथा समूळ नाहीशी करण्याचे आदेश दिले.

हा पैसा घरी कसा पोचतो तेही पाहा. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडी येथे एका खाजगी सोसायटीच्या संडासाच्या टाकीत तीन कामगार मेले. त्यांच्या विधवांना उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना प्रत्येकी दहा लाख रुपये देण्याचा आदेश सरकारला दिला. सोसायटी खाजगी होती, ठेकेदार खाजगी होता, ही सबब चालली नाही. हा निकाल आपण लक्षात ठेवावा. पण तो तीन प्रेतांनंतर आला, हेही विसरू नये. तीस लाखांत घर चालते. माणूस परत येत नाही. आणि दोर किती रुपयांना मिळतो, हे आपल्या भद्रकालीच्या बाजारात कोणीही सांगेल.

इतर देशांनी काय केले? अमेरिकेने १९९३ साली बंदिस्त जागांसाठी स्वतंत्र नियम केला. ज्या जागेला परवाना लागतो तिच्या बाहेर, आत माणूस असेपर्यंत, एक राखणदार असलाच पाहिजे. त्याने जागा सोडावयाची नाही आणि वाचवण्यासाठी स्वतः आत उडी घ्यावयाची नाही. तेथे कागदही आहे आणि माणूसही आहे. 'किंवा'च्या जागी 'आणि' आला. इंग्लंडने १९९७ च्या नियमांत त्याच्याही आधीचा प्रश्न विचारला : मुळात आत माणूस जाण्याची जरूर आहे काय? पाण्याच्या फवाऱ्याने, यंत्राने, बाहेरून काम होत असेल तर कोणी उतरू नये. आणि उतरणे अटळच असेल तर सुटकेची व्यवस्था उतरण्याच्या आधी तयार हवी. अपघातानंतरची धावाधाव उपयोगाची नाही.

आपल्याकडे मात्र कायद्याचे पान नुकतेच उलटले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टाची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा तीत वीस माणसांची आहे. शंभरावरून दहापर्यंत आलेला आकडा पुन्हा चढला. लहान शेडमध्ये टाकी धुणारा पंधरा जणांतला एक कामगार त्यामुळे कोठे उभा राहतो, हे आपणच पाहा. सुरक्षिततेचा पुष्कळसा तपशील ह्या संहितेने मानकांवर व नियमांवर सोपविला आहे. नव्या कायद्यात सर्वच वाईट आहे असे म्हणणारा मी नव्हे. उलट मला त्यात एक संधी दिसते. नियम नव्याने लिहावयाचे असतील तर तो जुना 'किंवा' खोडून टाका, एवढीच मागणी प्रत्येक कामगार संघटनेने, आणि संघटनेबाहेरच्या सुजाण नागरिकांनीही, एकमुखाने करावी.

कारण हा प्रश्न केवळ कारखानदार आणि कामगार यांच्यातला राहिलेला नाही. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने ह्या नगरात कामांची घाई आहे. घाई असते तेव्हा पहिला बळी जातो तो नुसत्या उभ्या राहणाऱ्या माणसाचा. आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या इमारतीखाली संडासाची टाकी किंवा पाण्याची टाकी आहेच. ती साफ करण्याचा ठराव सोसायटीच्या सभेत होतो, तीन दरपत्रके मागविली जातात आणि सर्वांत स्वस्त पत्रक मंजूर होते. ते स्वस्त का आहे, हे विचारण्याची चाल आपल्याकडे नाही. पुष्कळदा उत्तर साधे असते : त्यात दोर धरणाऱ्याची मजुरी धरलेली नसते.

तेव्हा पुढच्या वेळी आपल्या दारी टाकीवाले आले तर चार गोष्टी विचारा. हे काम यंत्राने बाहेरून होते का? होत नसेल तर हवा कशाने मोजणार? आत जाणाऱ्याच्या कमरेला पट्टा आणि पट्ट्याला दोर आहे का? आणि दोराचे दुसरे टोक कोणाच्या हाती आहे, त्याचे नाव काय? चौथ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही तर झाकण उघडू देऊ नका. एक दिवस टाकी तशीच राहिली तर काही बिघडत नाही.